पिकअपची पासिंग नेमकी किती? आरसीवरचं वजन आणि हौद्यातलं वजन

आळेफाट्याची_सून

नमस्कार मंडळी. वाहनं विभागात पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी आम्ही एक जुनी पिकअप घेतली. घरचा टोमॅटो आहे, शेजारच्या दोघांचाही माल असतो. दर वेळी भाड्याच्या गाडीची वाट बघण्यापेक्षा आपली असावी म्हणून घेतली. पासिंग म्हणजे कागदावर मंजूर असलेला मालाचा भार. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "पासिंग एक पूर्णांक तीन टनाची आहे, पण दोन टन हसत नेते." गाडी माझे दीर चालवतात. नारायणगावला आणि आठवड्यातून दोनदा कल्याण मार्केटला जातात. पहिल्या दिवसापासून ८० क्रेट भरत होतो, कारण हौद्यात ८० बसतात.

मागच्या आठवड्यात माळशेज उतरताना ब्रेकचा पेडल एकदम मऊ पडला. जळका वास आला. भाऊजींनी दुसरा गिअर टाकून कशीबशी गाडी कडेला घेतली आणि तासभर तिथेच थांबले. त्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं, मला दोन दिवसांनी क्लीनर पोराकडून कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः रिकामी गाडी घेऊन भुईकाट्यावर गेले. टाकी भरलेली, गाडीत माणूस कोणी नाही. पावती आली १९४० किलोची. आरसीवर रिकामं वजन १६९० आहे आणि एकूण वजन २९९०. मग हे २५० किलो आले कुठून? आणि या गाडीत खरोखर किती क्रेट भरायचे? आमचा एक भरलेला क्रेट २२ किलोचा होतो, २० किलो माल आणि दोनेक किलोचा क्रेट.

गणितवेडा_चाकण

ताई, तुम्ही काट्यावर गेलात हे फार बरं केलंत. गाडी घेतल्यावर पहिल्याच दिवशी रिकामा काटा करून पावती जपून ठेवावी असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो, आणि बहुतेक जण करत नाहीत.

आकडे मुळात दोनच आहेत, तिसरा त्यांच्यातून निघतो. एकूण वजन, म्हणजे गाडी, माल, माणसं, डिझेल, दोर, ताडपत्री, सगळं मिळून रस्त्यावर टेकणारं जास्तीत जास्त वजन. तुमचं २९९०. ही मर्यादा नोंदणीची आहे, तुम्ही गाडीवर काहीही चढवलं तरी ती वाढत नाही. दुसरं रिकामं वजन. कायद्याच्या व्याख्येत त्यात नेहमीची साधनसामग्री धरलेली असते, पण चालक आणि मदतनीस धरलेले नसतात. या दोघांची वजाबाकी केली की मालासाठी उरलेली जागा मिळते. दारावर लिहिलेला १.३ हा आकडा २९९० वजा १६९० असा आलाय, आणि तो कंपनीतून निघालेल्या कोऱ्या गाडीचा आहे.

तुमच्या आजच्या गाडीचा हिशेब असा. २९९० वजा १९४० म्हणजे १०५०. त्यातून चालक आणि क्लीनर मिळून १४० काढा, ९१० उरले. ताडपत्री, दोर, जॅक, पाण्याचा कॅन यांचे ३० काढा, ८८० उरले. भागिले २२. बरोबर ४० क्रेट.

तुम्ही ८० भरत होता. म्हणजे गाडी ३८७० किलोची होऊन घाट उतरत होती, ८८० किलो जास्त. ब्रेकला घाटात जी उष्णता पचवावी लागते ती वजनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ ३० टक्के जास्त. ब्रेक का मऊ पडला ते यात आलं. गाडीचा दोष म्हणून गॅरेजवाल्याशी भांडू नका, पण ब्रेक ऑइल आणि लायनर मात्र आधी बदलून घ्या. एकदा उकळलेलं ऑइल पुन्हा भरवशाचं राहत नाही.

आळेफाट्याची_सून

चाळीस! मी दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं. घरी सांगितलं तर कोणाचाच विश्वास बसेना. अण्णा, तुम्ही इथे असता म्हणून विचारते, ते २५० किलो कशाचे असतील?

पाटेवाले_अण्णा

ताई, संगमनेरात ३१ वर्षं पाट्यांचंच, म्हणजे गाडीखालच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचं काम करतोय. जुनी पिकअप आली की मी आधी खाली वाकून पाटे मोजतो. मालकाने काय काय वाढवलंय ते तिथूनच कळायला लागतं.

तुमच्या हौद्याच्या तळाला वरून जाड पत्रा मारलाय का बघा. मूळ तळ झिजू नये म्हणून मारतात. चार मिलीचा पत्रा असेल तर दर चौरस मीटरला ३१ किलोच्या वर भरतो. अडीच मीटर लांब आणि एक मीटर सत्तर रुंद हौदा धरला तर नुसता पत्राच १३० किलोच्या पुढे गेला. शिवाय पुढचा जाड गार्ड, केबिनवरचा कॅरिअर, फाळक्यांवर वाढवलेली जाळी. आणि मागचे जादा पाटे.

आता पाट्यांबद्दल नीट ऐका, लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज तिथेच आहे. पाटे वाढवले की गाडी मागून बसत नाही, सरळ दिसते. मालकाला वाटतं ताकद वाढली. ताकद कशाचीच वाढलेली नसते. ॲक्सल तोच, हबचं बेअरिंग तेच, ड्रम तोच, टायर तेच, चासीही तीच. पूर्वी गाडी बसली की माणूस बघून म्हणायचा, थांब, जास्त झालं. पाटे वाढवून तो इशाराच बंद केला. मग वाकलेला ॲक्सल आणि चासीला पडलेली चीर घेऊन लोक माझ्याकडे येतात. चासी बहुतेक हौद्याच्या पुढच्या टोकाखाली, केबिनच्या मागे चिरते. तिथे हात फिरवून बघा, रंगाला बारीक रेघ लागते का. लागली तर वेल्डिंग करून चालवू नका, मला दाखवा नाहीतर तुमच्या जवळच्या चांगल्या कारागिराला दाखवा.

अगदी कंपनीइतकेच पाटे ठेवा असं मी हट्टाने म्हणणार नाही. शेतातल्या बांधावरून, खडकाळ वाटेने जाणाऱ्या गाडीला एक पाटा जादा असला तर चालतो, दोन्ही बाजूंना सारखा. पण त्या पाट्याच्या जोरावर एक क्रेटसुद्धा जादा भरायचा नाही.

मार्केटफेरी

मी ११ वर्षं पिकअपवर धंदा करतोय, म्हणून जरा वेगळं बोलतो. राग मानू नका.

४० क्रेट हा आकडा कागदावर बरोबर आहे. पण भाडं क्रेटवर मिळतं, फेरीवर मिळत नाही. ४० क्रेटचं भाडं घेऊन कल्याणला गेलो तर डिझेल, टोल आणि जेवण जाऊन हातात काय राहतं ते ज्याची गाडी आहे त्याला विचारा. वर बँकेचा हप्ता. शेतकरी म्हणतो माल आजच गेला पाहिजे, उद्या भाव पडेल. व्यापारी म्हणतो सगळा एकदम आण. शेजारचा गाडीवाला ९० भरतो आणि क्रेटमागे दोन रुपये कमी घेतो. मी ४० वर अडून बसलो तर दुसऱ्या दिवशी माझी गाडी दारात उभी.

इथे सगळे चालकाला शिकवतात. भरणाऱ्याला कोणी शिकवत नाही. चलन फाटतं तेव्हा व्यापारी फोन उचलत नाही, आणि घाटात मरायला फक्त आम्ही असतो.

आळेफाट्याची_सून

दादा, राग कशाला. तुमचं म्हणणं मला पटतंय, कारण भरणारी मीच होते. हौद्यात जागा दिसली की "अजून दहा बसतात की" असं मीच म्हणायचे. भाऊजी एकदा म्हणाले होते की गाडी वळणावर लोंबते, तेव्हा मी मनावर घेतलं नाही.

घाटउतार

एसटीत २८ वर्षं चालक होतो, आता निवृत्त. माळशेज, कसारा, वरंध, आंबेनळी, सगळे घाट दिवसरात्र केलेत.

तुमच्या दिरांनी दुसरा गिअर टाकला म्हणून आज ते घरी आहेत. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते त्याच गिअरमध्ये उतरवायची, ही जुनी शिकवण आहे आणि ती बसला आणि पिकअपला सारखीच लागू. ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही. वेग वाढला की एकदा नीट दाबायचा, वेग खाली आणायचा, सोडायचा, म्हणजे ड्रमला वारा मिळतो. सतत अर्धवट दाबून ठेवला की लायनर तापतं, पकड जाते, आणि ऑइलला उकळी फुटली की पेडल तळाला जातो. न्यूट्रल तर मनातही आणू नका.

पण एवढं सगळं करूनही दुप्पट माल भरलेल्या गाडीला गिअर पुरत नाही. इंजिन तिला धरू शकत नाही, आरपीएम चढत जातो, मग माणूस घाबरून ब्रेकवर उभा राहतो. पावसाळ्यात माळशेजला धुकं असतं, समोरचं दहा फूट दिसत नाही, तेव्हा तर विचारूच नका. मार्केटफेरी, तुमच्या पोटाचा प्रश्न मला कळतो. माझ्या मोठ्या भावाचीही गाडी होती. पण घाटाला तुमचा हप्ता कळत नाही हो.

वकील_नगर

कायद्याची बाजू सांगतो, त्यात मार्केटफेरी यांच्या तक्रारीला थोडं उत्तर आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, जादा वजनाला २० हजार रुपये दंड आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. जादा माल उतरवून घेण्याचा खर्चही तुमचाच, आणि तो उतरेपर्यंत गाडी हलवू देत नाहीत. टोमॅटोसारखा माल उन्हात पडून राहणं हा दंडापेक्षा मोठा तोटा. वजन करायला नकार दिला किंवा काट्याआधी माल उतरवला तर दंड ४० हजारांचा. माल हौद्याच्या बाजूने, मागून किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर त्याचा वेगळा २० हजार. हे शेवटचं कडबा, कापूस आणि गवत वाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यांचं वजन बसतं पण आकार बसत नाही.

आता महत्त्वाचं. हे कलम फक्त चालकाला लागत नाही. जो चालवतो, जो चालवायला लावतो आणि जो चालवू देतो, तिघांनाही लागतं. चालक मालक नसेल तर हे मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झालं असं न्यायालय गृहीत धरू शकतं, कलम ११३ मध्ये तशी तरतूद आहे. तेव्हा व्यापाऱ्याच्या माणसाने जबरदस्तीने भरलं तर भरलेल्या क्रेटची संख्या त्याच्याच हाताने पावतीवर लिहून घ्या. ती पावती पुढे उपयोगी पडते.

परवान्याबद्दल नेहमी विचारलं जातं म्हणून तेही सांगतो. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, कलम ६६ मध्ये सूट आहे. ताईंची गाडी २९९० ची आहे, ती त्या रेषेच्या जेमतेम आत बसते. गाडी घेताना ही रेषा बघत जा. चालकाच्या लायसन्सचा घोळ तर अनेक वर्षं चालला. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर मालवाहू पिकअप चालवता येते का, यावर विमा कंपन्या दावे अडवत होत्या. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी चालते असं म्हटलं, आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केलं. एकूण वजन ७५०० किलोपर्यंत असेल तर वेगळ्या नोंदीची गरज नाही.

आणि हात जोडून एक विनंती. हौद्यात माणसं बसवू नका. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस मालासोबत असेल तर विम्यात त्याला स्थान आहे. पण लग्नाचं वऱ्हाड, जत्रेला निघालेल्या बायका, मजूर, यांना मालवाहू गाडीच्या विम्याचं संरक्षण नाही असा निकाल २००२ सालीच लागलाय. अशा अपघातांतल्या घरच्यांची प्रकरणं मी चालवली आहेत. त्यांना काय सांगायचं हे मला अजून जमत नाही.

विटा_वाळू

आमच्या बांधकामाच्या धंद्यात तर वजनापेक्षा डोळ्याचं मापच चालतं. "अर्धा ब्रास टाक रे पिकअपमध्ये." एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. अर्ध्या ब्रासला, वाळू कोरडी असली तरी, सव्वादोन टन होतात. ओली असेल तर त्याहून जास्त. हौदा मात्र अर्धासुद्धा भरलेला दिसत नाही, म्हणून गिऱ्हाईक म्हणतं गाडी रिकामीच आणली.

पाव ब्रास, साधारण ११०० किलो, एवढंच १.३ टनी गाडीचं काम आहे. सिमेंटची गोणी ५० किलोची, २० गोण्यांचा टन. सळईला आमचं जुनं सूत्र आहे, मिलीचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किती किलो. १२ मिलीची ४० फुटी सळई पावणेअकरा किलोच्या आसपास. दुधवाल्यांनी आणि पाणीवाल्यांनीही लक्षात घ्या, हजार लिटरची टाकी म्हणजे हजार किलो, वर टाकीचं वजन, आणि ती अर्धी भरलेली असली की वळणावर पाणी हेलकावतं ते वेगळंच.

रानमेवा

वाचनखूण साठवली आहे. वडिलांना वाचून दाखवते, आमची छोटा हाथी आहे आणि डाळिंबाच्या हंगामात तिचे हाल होतात.

गणितवेडा_चाकण

@रानमेवा, छोटा हाथी २००५ साली आली तेव्हा तिचं सगळं कौतुकच हे होतं की ७५० किलोच्या आसपास माल घेऊन ती गल्लीबोळातून फिरते. तीनचाकीपेक्षा थोडी मोठी आणि पिकअपपेक्षा लहान, अशी मधली जागा तिने भरली. नंतर मधल्या पायऱ्याही भरत गेल्या. २०११ मध्ये अशोक लेलँडची सव्वा टनाची 'दोस्त' आली, पुढे दीड टनाच्या आल्या, आणि २०२२ नंतर दोन टन माल नेणाऱ्या पिकअपही मिळू लागल्या. म्हणजे गरज दोन टनाची असेल तर दोन टनाची गाडी बाजारात आहे. एक टनाची घेऊन तिला दोन टनाची करू नये, एवढंच वडिलांना सांगा.

मिशिगनवासी

मूळचा मंचरचा, आता १६ वर्षं डेट्रॉइटजवळ. धागा वाचून गावाकडच्या टोमॅटोचा वासच आला.

इकडे पिकअप हे घराघरातलं वाहन आहे आणि इथेही नावाने लोकांची फसगत होते, फक्त नावं वेगळी. फोर्ड एफ-१५०, रॅम १५०० अशा गाड्यांना लोक अर्धा टनी म्हणतात, २५० आणि २५०० ला पाऊण टनी, ३५० आणि ३५०० ला एक टनी. कधीकाळी त्या खरोखर तेवढंच वजन नेत, आणि इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोचा. आता अर्धा टनी म्हणवणारी गाडी त्याहून पुष्कळ जास्त नेते. नाव राहिलं, अर्थ गेला.

सरकारी वर्ग एकूण वजनावर आहेत, एक ते आठ. ६००० पौंडांपर्यंत पहिला, १०,००० पर्यंत दुसरा, १४,००० पर्यंत तिसरा, असं करत ३३,००० च्या वर आठवा. वकीलसाहेबांनी ३००० किलोच्या रेषेचं सांगितलं त्यावरून आठवलं, एफ-१५० चा जन्मच अशा एका रेषेमुळे झाला. १९७५ साली ६००० पौंडांच्या आतल्या गाड्यांना धुराचे नवे नियम लागू होणार होते. म्हणून फोर्डने एफ-१०० पेक्षा थोडी जड, त्या रेषेच्या जरा वर बसणारी गाडी काढली. आज ती सगळीकडे दिसते.

इथली एक पद्धत मात्र आपल्याकडे यावी असं मला मनापासून वाटतं. चालकाचं दार उघडलं की खांबावर एक पिवळं लेबल असतं. त्यावर लिहिलेलं असतं की या गाडीत बसणारी माणसं आणि सामान मिळून अमुक किलोच्या वर जाता कामा नये. तो आकडा त्या मॉडेलचा सरसकट नसतो, त्या एका गाडीचा असतो. सनरूफ असलेल्या आणि नसलेल्या, एकाच नावाच्या दोन गाड्यांवर वेगवेगळे आकडे असतात. ट्रेलर ओढला तर त्याच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हुकावर येतो आणि तोही याच आकड्यातून वजा होतो. हे विसरून बोट ओढायला जाणारे इथे पुष्कळ आहेत.

ताई, तुम्ही तुमच्या गाडीचं असं लेबल स्वतः लिहा. ऑइलपेंटने, दाराच्या आतून.

आळेफाट्याची_सून

मिशिगनवासी दादा, ही कल्पना फार आवडली.

आज पुन्हा काट्यावर गेले होते. तिथल्या काकांना विनंती केली, त्यांनी आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्यायला लावली, मग पूर्ण गाडी. रिकामी असताना पुढे १०१०, मागे ९३०. मागच्या टायरवर लिहिलंय १०८/१०६. याचं काय करायचं?

गणितवेडा_चाकण

शाबास! आता हे बघा. टायरवरचा १०८ हा किलोचा आकडा नाही, तो भाराचा क्रमांक आहे. १०८ म्हणजे एका टायरला १००० किलो, १०४ म्हणजे ९००, १०० म्हणजे ८००. दुसरा आकडा मागे जोडीने टायर असतात तेव्हाचा, तुमच्या गाडीला एकेकच आहे म्हणून १०८ धरायचा. म्हणजे मागचे दोन टायर मिळून २००० किलो पेलतील, तेही हवा पूर्ण असताना.

तुमच्या गाडीचा पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंतचा पल्ला तीन मीटर धरतो. क्रेट सगळीकडे सारखे रचले तर मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या साधारण वीतभर पुढे, २० सेंटीमीटरवर येईल. म्हणजे मालाचा जेमतेम सात टक्के भार पुढे जातो, बाकी सगळा मागे. ८० क्रेट, दोर-ताडपत्री आणि दोन माणसं धरून मागच्या ॲक्सलवर अंदाजे २६५० किलो येत होते. प्रत्येक टायरवर सव्वातेराशे. टायर हजाराचा.

टायर न फुटता दोन महिने गेले ही तुमची पुण्याई म्हणायची.

आणि रचण्याचंही बघा. जड माल केबिनला चिकटून, खाली. फाळका उघडा टाकून मागे क्रेट लोंबते ठेवले आणि मालाचा मध्य ॲक्सलच्या मागे गेला, तर पुढची चाकं हलकी होतात. दीड टन मालाचा मध्य फक्त ३० सेंटीमीटर मागे सरकला की पुढच्या चाकांवरून १५० किलो उचलले जातात. मग स्टिअरिंग वळतं पण गाडी वळत नाही. तुमच्या दिरांनी "लोंबते" म्हटलं ते हेच असणार.

मार्केटफेरी

टायरचा हिशेब मला माहीत नव्हता, खरं सांगतो. माझ्या गाडीवर १०६ आहे. गेल्या मे महिन्यात मागचा एक फुटला तेव्हा मी टायरच्या दुकानदाराशी भांडून आलो होतो.

अण्णा, माझी चासी बघायला घेऊन येऊ का?

पाटेवाले_अण्णा

रविवार सोडून कधीही या. रिकामी आणा.

आळेफाट्याची_सून

दहा दिवसांनी लिहितेय. बरंच काही झालं.

अण्णांच्या सांगण्याप्रमाणे हौद्यातला जादा पत्रा काढला. तो खरंच चार मिलीचा निघाला, दोन माणसांना उचलेना. पुढचा गार्ड काढला (वकीलसाहेबांनी व्यनिमध्ये, म्हणजे व्यक्तिगत निरोपात, सांगितलं की तसा गार्ड लावणंही कायद्यात बसत नाही), केबिनवरचा कॅरिअर काढला. जाळी ठेवली, क्रेट सांभाळायला ती लागते. एक जादा पाटा ठेवला. चासीवर चीर नाही, देवाची कृपा. ब्रेकचे लायनर आणि ऑइल नवं.

रिकामा काटा आता १७५५. म्हणजे १८५ किलो कमी. हिशेब केला तर माणसं आणि दोर-ताडपत्री वजा जाऊन १०६५ उरतात, ४८ क्रेट. तेवढे भरून, भाऊजी आणि क्लीनर बसलेले असताना पुन्हा काटा केला. एकूण २९८०. पुढे १०९५, मागे १८८५. दोन्ही टायर मर्यादेत. काट्यावरचे काका म्हणाले, भाजीची गाडी इतकी बेताने भरलेली ते पहिल्यांदाच बघतायत.

पैशाचं म्हणाल तर मार्केटफेरी दादांचं बरोबर आहे. ४८ क्रेट घेऊन कल्याणला जाणं परवडत नाही. म्हणून आता पिकअप फक्त नारायणगावला जाते, अंतर थोडं आहे, गरज पडली तर दोन फेऱ्या होतात. कल्याणसाठी आमच्या आळीतले पाच शेतकरी मिळून एक चौदा फुटी आयशर ट्रक ठरवतो. भाडं क्रेटवर न ठरवता फेरीवर ठरवलं आणि पाच जणांत क्रेटच्या प्रमाणात वाटलं. पहिल्या खेपेला कोणाचा माल आधी भरायचा यावरून वाद झाला, तो मिटायला एक दिवस गेला. हिशेब लिहिल्यावर क्रेटमागे पडलेला खर्च पूर्वीइतकाच आला, काही पैसे कमीच. पण हे जमलं ते आम्ही पाच जण एकाच वाटेवर राहतो म्हणून. ज्याचं शेत एकटं आडबाजूला आहे त्याला काय सांगायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

मार्केटफेरी

ताई, अण्णांकडे जाऊन आलो. केबिनच्या मागे डाव्या बाजूला बोटभर चीर होती. गाडी आठ दिवस तिथेच आहे.

तुमच्या आयशरला परतीचा माल मिळतो का? कल्याणहून ओतूर-जुन्नरकडे येणारा माल माझ्या ओळखीत आहे, दोन दुकानदार कायम विचारतात. परतीचं भाडं सुटलं तर तुमचंही कमी होईल आणि मला गाडी बंद असताना काम मिळेल. नंबर व्यनि करतो.

आळेफाट्याची_सून

करा दादा. गुरुवारी गाडी जाते, त्याआधी बोलू.

आणि मिशिगनवासी दादा, काल भाऊजींनी दाराच्या आतून पिवळ्या ऑइलपेंटने लिहिलं. "४८ क्रेट. माणसं दोन." खाली तारीख आणि काट्याचा आकडा.

मिशिगनवासी

फोटो टाका.

आळेफाट्याची_सून

रंग वाळला की टाकते.